दत्ताजींचे डावे वळण

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा चुकतो. कुणाला मी मोडकी ढाल वाटते, कुणाला जुन्या पखवाजाचे चामडे. मी यातले काहीच नाही. मी एका फटफटीवरची चामड्याची बैठक आहे. वय झाले, कडा आत वळल्या, खालच्या दोन स्प्रिंगांपैकी एक आता कुरकुरते. पण माझ्या पाठीवरची शिवण अजून एकाही जागी उसवलेली नाही, आणि ती कुणी घातली हे सांगायला मला फार आवडते.

माझा जन्म देवासला जिनगर आळीत झाला. सन १९१२ चालू होते. देवासच्या भैयासाहेब नावाच्या सरदारांनी मुंबईहून एक फटफटी आणवली होती. साडेतीन घोड्यांचे इंजिन, मागचे चाक फिरवायला चामड्याचा पट्टा, आणि सुरू करण्यासाठी सायकलसारखी दोन पायडले. माळव्याचा एक उन्हाळा तिने काढला आणि तिच्या मूळ बैठकीचे चामडे तडकून फाटले. लोखंडी सांगाडा तेवढा राहिला. तो सांगाडा भैयासाहेबांनी गणपत जिनगरांकडे पाठवला.

गणपतच्या घराण्याने चार पिढ्या घोड्यांची जिने केली होती. पणजोबा दक्षिणेतून लष्कराबरोबर आले ते इथेच राहिले. फटफटीची बैठक मात्र कुणी केलेली नव्हती. गणपतने सांगाडा तीन दिवस नुसता समोर ठेवून पाहिला. मग म्हशीचे जाड कातडे निवडले, भिजवले, लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवले आणि सावलीत वाळू दिले. शिवायची वेळ आली तेव्हा त्याने मला आपल्या थोरल्या बहिणीपुढे ठेवले. तिचे नाव नर्मदाबाई, पण सगळी आळी तिला अक्का म्हणत असे. तरुणपणी वैधव्य आल्यावर ती माहेरी परतली आणि भावाच्या शेजारी बसून चामड्याला भोके पाडायची आरी चालवू लागली. कातडे गणपतने कापायचे आणि शिवण अक्कांनी घालायची, असे ठरूनच गेले होते. मेण लावलेला दोरा, एकसारखे टाके. पाठीवर पहिला टाका पडला तेव्हा मी कातडे होते. शेवटचा पडला तेव्हा मी बैठक झाले. त्या दोघांचे उपकार मी विसरलेली नाही.

माझ्यावर बसणाऱ्याचे नाव दत्ताजी. वय पस्तिशीचे. ते भैयासाहेबांच्या पागेतले नामांकित स्वार होते, पण दोन वर्षांपूर्वी एका डाव्या वळणावर घोडा पाय घसरून पडला आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर लोळला. गुडघा जुळला, पण घोड्यावर पूर्वीसारखी मांड बसेना. तेव्हा भैयासाहेबांनी त्यांना फटफटी दिली. ते म्हणाले, "हिला दाणा नको, वैरण नको. आणि ही उधळत नाही." दत्ताजींनी महिनाभरात ती आत्मसात केली. सरळ रस्त्यावर ते इतक्या वेगाने जात की इंदूरच्या वाटेवरचे टांगेवाले ओरडत, "ओ भिया, धीरे हांको, घोडा बिदकेल." दत्ताजी हसत आणि पुढे जात. तेव्हा मीही सुखात होते. आपल्यावर विश्वासाने भार टाकणारा माणूस मिळाला, तर बैठकीला आणखी काय हवे असते?

पण एक गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच कळली होती. उजव्या वळणावर दत्ताजी माझ्यावर सैल बसत. डावे वळण आले की त्यांचे सगळे अंग ताठ होई. ते माझ्या उजव्या काठाकडे सरकत, हात काठीसारखे करून मूठ आवळत आणि डावा पाय खाली सोडत, जणू जमीन आत्ताच लागणार आहे. फटफटी डावीकडे झुके आणि दत्ताजी तिच्यापासून उजवीकडे पळत. मला हे सारे कळत होते, पण बैठकीला तोंड नसते.

त्या वर्षी दसऱ्याला देवीच्या टेकडीखालच्या मैदानावर घोड्यांच्या कसरती झाल्या आणि त्यानंतर भैयासाहेबांनी फटफटीची फेरी ठेवली. सारे गाव जमले होते. गणपत आणि अक्काही एका कडेला उभे होते. आपली बैठक लोकांपुढे जाणार याचा गणपतला आनंद होता. पहिली फेरी छान झाली. दुसऱ्या फेरीत दत्ताजींनी वेग वाढवला. मैदानाच्या टोकाचे डावे वळण आले. ते नेहमीप्रमाणे उजवीकडे सरकले, डावा पाय खाली गेला, त्याच्याबरोबर डावे पायडल खाली गेले आणि फटफटी झुकताच ते पायडल मुरमात रुतले. मागचे चाक उचलले गेले. दत्ताजी दूर फेकले गेले आणि मी फटफटीसकट धुळीत आडवी झाले.

लोक धावले. दत्ताजींना कोपराला खरचटण्यापलीकडे फारसे लागले नव्हते. भैयासाहेब स्वतः आले.

"काय झालं, दत्ताजी?"

दत्ताजींनी एकदा आपल्या डाव्या गुडघ्याकडे पाहिले. मग जमलेल्या लोकांकडे पाहिले. पागेतले सगळे जुने सोबती तिथे होते.

"बैठक सरकली, सरकार," ते म्हणाले.

मित्रांनो, मी सरकले नव्हते. माझे चारही बोल्ट जागच्या जागी होते. पण भैयासाहेबांनी मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, "जिनगराला घोड्याचं कळतं, यंत्राचं कळत नाही. मुंबईहून बैठक मागवा. आणि पागेच्या जिनांचंही आता दुसरीकडे पाहा. माझा माणूस मेला असता."

गणपतने ते ऐकले.  लोक पांगल्यावर तो पुढे झाला, मला काढून घेतले आणि खांद्याच्या उपरण्यात गुंडाळून घरी नेले. वाटेभर अक्का त्याच्या मागून चालत होत्या.  पागेची जिने म्हणजे त्या आळीचे नाव होते. ते चार पिढ्यांचे नाव एका वाक्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला मांडीवर घेतले. आधी बोल्टांची भोके पाहिली. मग स्प्रिंगा दाबल्या. मग उजेडाकडे धरून माझ्या पाठीवरून हात फिरवला, पहिल्यांदा उजवीकडे आणि नंतर डावीकडे. पुन्हा उजवीकडे. 

"गणपत," त्या म्हणाल्या, "दत्ताजींना बोलावून आण."

"मी नाही जाणार."

"मग मी निरोप धाडते."

दत्ताजी संध्याकाळी आले. दारातच उभे राहिले. गणपत त्यांच्याकडे पाठ करून कातडे कापत राहिला. अक्कांनी पाट दिला, पाणी दिले आणि मला त्यांच्यापुढे ठेवले.

"हात फिरवून बघा."

दत्ताजींनी हात फिरवला.

"उजवीकडे कसं लागतं?"

"गुळगुळीत."

"आणि डावीकडे?"

दत्ताजींचा हात तिथे थांबला. डावीकडे मी अजून खरखरीत होते, अगदी परवा ठोकळ्यावरून उतरवल्यासारखी.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "चार महिन्यांत तुम्ही हिच्या डाव्या अंगावर बसलाच नाहीत. मला यंत्रातलं काही कळत नाही, दत्ताजी. पण चामडं माझ्या ओळखीचं आहे. माणूस जिथं बसतो तिथं ते गुळगुळीत होतं. डावीकडे काय आहे तुमच्या?"

 मग दत्ताजी खाली बघत म्हणाले, "भीती आहे, अक्का. डावं वळण दिसलं की मला तो घोडा अंगावर येताना दिसतो. गुडघा आपोआप बाहेर जातो."

तेव्हा गणपत पहिल्यांदा वळला. "घोडा पडला तेव्हाही जीन आमचंच होतं," तो म्हणाला. "त्या वेळी तुम्ही जिनाला दोष दिला नव्हता."



"सरकारांना खरं काय ते सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा," अक्का म्हणाल्या. "मी काही सांगायला जाणार नाही. पण पुन्हा असेच बसलात तर पुढच्या वेळी मान मोडेल, आणि घरी तुमची बायको आहे, तान्ही मुलगी आहे. तेव्हा आधी नीट बसायला शिका."

मला त्या क्षणी अक्कांचे फार नवल वाटले. ज्या माणसाने आपले नाव घालवले, त्याच्या मानेची काळजी त्या करत होत्या. पुढे अनेक माणसे पाहिली, पण असे मन क्वचित दिसले.

शिकवणी सुरू झाली ती अंगणात. जिने शिवायला एक लाकडी घोडी होती. मला तिच्यावर बांधले. दत्ताजी माझ्यावर बसले आणि गणपतने न बोलता घोडीचे दोन पाय उचलून तिला डावीकडे कलते केले. दत्ताजी लगेच उजवीकडे सरकले.

"हेच," अक्का म्हणाल्या. "घोडी डावीकडे निघाली आणि तुम्ही उजवीकडे. मग तिला अजून झुकावं लागतं. तुम्हीच डावीकडे गेलात तर तिला तेवढं झुकावं लागणार नाही. पायडल जमिनीपासून दूर राहील."

दत्ताजी विचारात पडले. घोड्याच्या पाठीवर जन्म काढलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटली. त्यांनी स्वतःच पुढचे शोधून काढले. वळणाआधी डावे पायडल वर घ्यायचे आणि उजवे खाली, सारा भार उजव्या पायावर. उजवा गुडघा टाकीला घट्ट लावायचा. कंबर अर्धी वीत डावीकडे सरकवायची, डावा खांदा खाली आणायचा आणि कोपरे सैल ठेवायची.

अंगणात हे जमले. मैदानावर जमेना. भैयासाहेब तेव्हा पंधरा दिवसांसाठी बाहेरगावी गेले होते, आणि मुंबईची बैठक यायची होती. तोवर इंजिनाची देखभाल म्हणून फटफटी चालवायची मुभा दत्ताजींना होती. त्यांनी मला पुन्हा चढवले आणि ते रोज सकाळी टेकडीखाली जाऊ लागले. गणपत आणि अक्का कडेला उभे राहत. पण लांबून अक्कांना कंबर कुठे आहे ते दिसेना. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. गेरू पाण्यात कालवला आणि माझ्या पाठीला फासला. दत्ताजींची विजार पांढरी होती.

एक डावे वळण घेऊन दत्ताजी आले. अक्कांनी त्यांना पाठमोरे उभे केले. लाल डाग सगळा डावीकडे होता, म्हणजे उजवीकडे सरकल्यामुळे तेवढेच अंग माझ्यावर टेकले होते.

"तुम्हाला वाटतं तुम्ही सरकलात," अक्का म्हणाल्या, "पण सरकलं नुसतं डोकं."

दत्ताजी पुन्हा गेले. पुन्हा डाग डावीकडे. चौथ्या दिवशी डाग मध्यावर आला. घरी दत्ताजींच्या पत्नी कुसुमावतीबाई रोज ती विजार धूत होत्या. त्यांनी निरोप पाठवला, "गेरू निघत नाही. तुमच्या अक्कांना म्हणावं, तेवढाच डाग कळणार असेल तर हळद लावा, ती उन्हात उडते." तो निरोप ऐकून गणपत हसला. दसऱ्यानंतर तो पहिल्यांदाच हसत होता.

पाचव्या दिवशी मात्र दत्ताजी पुन्हा पडले. या वेळी चूक उलटी होती. वळणाच्या मध्यावर त्यांना आठवले की आपण सरकलोच नाही, आणि त्यांनी एकदम सारे अंग डावीकडे टाकले. फटफटी थरथरली आणि दोघेही मुरमावर घसरलो. माझ्या डाव्या कडेला ओरखडा गेला. दत्ताजी उठले, आणि तिथेच बसून राहिले.

"माझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले.

अक्का जवळ येऊन बसल्या. "आरी आत गेल्यावर हात हलवला तर काय होतं, ठाऊक आहे?"

"काय?"

"कातडं फाटतं. हात आधी बसवायचा, मग आरी घालायची, आणि ती बाहेर येईपर्यंत हात स्थिर. तुम्ही वळणाच्या आधीच सरका. वळणात काही करू नका." थोडे थांबून त्यांनी विचारले, "वळताना बघता कुठं?"

"त्या दगडाकडे. त्याच्यावर जाऊ नये म्हणून."

"मग त्याच्यावरच जाणार. मी शिवताना सुईकडे बघत नाही. टाका जिथं निघायचा तिथं बघते. तुम्हीही वळण जिथं संपतं तिथं बघा."

दत्ताजी उठले. त्यांनी फटफटी ढकलली आणि उडी मारून माझ्यावर बसले. सरळ वाट संपण्याआधीच त्यांची कंबर हलकेच माझ्या डाव्या अंगावर आली. उजवा गुडघा टाकीला टेकला. मान वळली आणि डोळे दूर टेकडीच्या पायऱ्यांकडे लागले. फटफटी झुकली. मी वाट पाहत होते की आता अंग ताठ होईल. ते झाले नाही. मित्रांनो, माझ्या डाव्या अंगावर त्या सकाळी पहिल्यांदा माणसाचा भार आला. आम्ही ते वळण एखाद्या घारीसारखे घेतले. पायडल जमिनीपासून वीतभर वर होते.

दत्ताजी परत आले, उतरले आणि न सांगता पाठमोरे उभे राहिले. डाग आता उजवीकडे होता. अक्का म्हणाल्या, "हं. आता घरी जाऊन सांगा, उद्यापासून गेरू नाही."

दत्ताजींनी हात जोडले. त्यांना काहीतरी बोलायचे होते. त्यांनी गणपतकडे पाहिले, ओठ हलले, पण शब्द आले नाहीत. गणपत वाट पाहत उभा होता हे मला दिसत होते. मग तो वळला आणि आळीकडे चालू लागला.

भैयासाहेब परतले तेव्हा दोन बातम्या बरोबर आल्या. मुंबईहून बैठकीची पेटी आली होती, आणि धारला पौषात फटफटींची शर्यत ठरली होती. घोड्यांच्या मैदानावर पाच फेऱ्या. भैयासाहेब म्हणाले, "नवी बैठक चढवा आणि चला."

दत्ताजींनी पेटी उघडली. मुंबईची बैठक देखणी होती, काळीभोर, पितळी खिळ्यांची. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. पेटी पुन्हा बंद केली. धारला निघताना माझ्यावर एक जाड कापड बांधले होते, धुळीसाठी म्हणून. त्याच्याखाली मी होते हे फक्त दत्ताजींना आणि मला ठाऊक होते.

इंदूरमार्गे आम्ही धारला पोचलो. मैदानाभोवती धारची माणसे होती, तिरल्याकडचे शेतकरी होते, मांडूहून आलेल्या भिल्ल बाया त्यांच्याकडच्या भल्यामोठ्या गोरखचिंचा विकत बसल्या होत्या. शर्यतीत चार फटफट्या होत्या. सर्वांत दणकट धारच्या नारायणरावांची. ते संस्थानच्या बांधकाम खात्यात अभियंते होते. त्यांच्या इंजिनाला दोन नळकांडी, म्हणजे सिलिंडर, होती, आमच्याला एकच.

आणि मैदानाला एकाच बाजूची वळणे होती. सगळी डावी.

निशाण पडले. सरळ वाटेवर नारायणराव सुसाट पुढे गेले, बाकीचे दोघेही आमच्या पुढे होते. पहिले वळण आले. दत्ताजींची कंबर आधीच सरकली. पुढचे दोघे ताठ बसून, पाय खाली सोडून वळण घेत होते. मी ते बसणे ओळखत होते. आम्ही त्यांच्या आतून निघालो. दुसऱ्या फेरीपर्यंत दोघेही मागे पडले.

मग नारायणरावांचा पाठलाग सुरू झाला. सरळ वाटेवर ते दूर जात, वळणावर आम्ही जवळ येत असू. चौथ्या फेरीत त्यांच्या चाकाची धूळ माझ्यावर पडू लागली. एका वळणावर त्यांचे मागचे चाक सरकले आणि खड्यांचा मारा आमच्यावर आला. दत्ताजी क्षणभर दचकले. त्यांचा डावा गुडघा थरथरला, हे मला स्पष्ट कळले. पण त्यांनी पाय खाली सोडला नाही. डोळे वळणाच्या शेवटावर तसेच राहिले.

शेवटच्या वळणातून आम्ही बरोबरीने बाहेर पडलो. पण त्यापुढे सरळ वाट होती, आणि दोन नळकांडी ती दोन नळकांडी. नारायणराव एका फटफटीच्या लांबीने जिंकले.

लोकांनी जयघोष नारायणरावांचा केला, पण गर्दी आमच्याभोवतीही जमली. भैयासाहेब इतके खूश होते की दत्ताजींना त्यांनी खांद्याला धरून हलवले. एवढ्यात नारायणराव धूळ झटकत स्वतःच चालत आले. मोठ्या मनाचा माणूस.

"जिंकलो मी," ते म्हणाले, "पण वळणावर तुमच्यापुढे माझं काही चाललं नाही. करता तरी काय तुम्ही?"

दत्ताजी बोलण्याआधीच भैयासाहेब म्हणाले, "मुंबईची बैठक आहे, नारायणराव. आधी आमच्या जिनगराची होती. तिनं घात केला होता. ती काढून टाकली आणि बघा."

दत्ताजी खाली वाकले. माझ्यावरचे कापड त्यांनी सोडले. ओरखडा पडलेली, गेरूने लालसर झालेली मी सगळ्यांसमोर उघडी झाले.

"ही तीच बैठक आहे, सरकार," ते म्हणाले. "गणपत जिनगरांची. मुंबईची देवासला पेटीत आहे."

भैयासाहेबांचा चेहरा बदलला. "मग दसऱ्याला?"

"दसऱ्याला मी खोटं बोललो. बैठक सरकली नव्हती. डाव्या वळणाला मी घाबरत होतो. आज जसा बसलो, तसं बसायला मला त्यांच्या अक्कांनी शिकवलं. याच बैठकीवर."

 भैयासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "हे तू मला देवासला, एकांतात सांगू शकला असतास."

"नाव चारचौघांत घालवलं होतं, सरकार. एकांतात परत कसं देणार?"

 बोलताना दत्ताजी माझ्यावर एक हात टेकून उभे होते.  शेवटचे वाक्य झाल्यावर त्यांनी ते कापड घडी करून बाजूला ठेवले.

भैयासाहेबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "तू खोटं बोललास ही तुझी चूक. मी बैठक न बघता निकाल दिला, ही माझी." देवासला परतल्यावर ते दरबारी पोशाखातच जिनगर आळीत गेले आणि सगळ्या आळीसमोर गणपतला म्हणाले, "पागेची जिनं तुमच्याकडेच राहतील. माझा शब्द मी मागे घेतो." त्यांच्यामागे दत्ताजी उभे होते. ते पुढे आले आणि अक्कांच्या पायांवर डोके ठेवले.

गणपतने त्यांना उठवले. मग मला हातात घेऊन अंगठ्याने डावी बाजू दाबून पाहिली, उजवी पाहिली.

"सारखी झिजायला लागली," तो म्हणाला. "चहा घेऊन जा, दत्ताजी."

त्यानंतरची माझी वर्षे फार सुखाची गेली. कामही भरपूर झाले. १९१८ च्या तापाच्या साथीत गावेच्या गावे अंथरुणाला खिळली, तेव्हा दत्ताजी औषधाच्या पेट्या पाठीला बांधून बागलीपर्यंत जात. ती वाट नागमोडी होती, उतार, वळणे, मध्येच गुरे. एकदाही पेटी पडली नाही. बागलीजवळच्या एका वस्तीत एका म्हातारीने माझ्यावर हात फिरवून तोच हात आपल्या कपाळाला लावला. ती मला देव समजली की काय कोण जाणे. तो मान माझा नव्हता, अक्कांचा होता, पण त्या तिथे नव्हत्या म्हणून मी घेतला.

पुढे भैयासाहेबांकडे मोटार आली. फटफटी मागे पडली. तिचे इंजिन काढून विहिरीच्या पंपाला लावले, चाके कुणी नेली, आणि मला पागेच्या माळ्यावर टाकले. तिथे मी कित्येक उन्हाळे काढले. तेलाचा थेंब नाही. कडा वळल्या, पाठीला भेगा पडल्या, उंदरांनी एक कोपरा खाल्ला. मी दोष कुणाला देत नाही. ज्याचे काम संपले, त्याची आठवण राहणे अवघड असते. पण आपण कुणालाच नको आहोत हे समजायला लागले की चामडेही आतून वाळते.

दत्ताजींची मुलगी इंदू धारला मुलींच्या शाळेत शिकवू लागली. वडील गेल्यावर ती पागेत त्यांच्या वस्तू न्यायला आली आणि मला घेऊन गेली. तिने मला कोमट पाण्याने पुसले, आठवडाभर रोज थोडे थोडे तेल मुरवले, आणि उंदरांनी खाल्लेल्या कोपऱ्यावर चामड्याचा तुकडा लावून तो शिवला. आरी धरायला ती लहानपणी अक्कांकडेच शिकली होती. तिचे टाके अक्कांइतके सरळ नाहीत. मला ते फार प्रिय आहेत.

दरवर्षी खंडेनवमीला ती मला पाटावर ठेवते, झेंडूचे फूल वाहते आणि शाळेतल्या मुलींना बोलावते. यंदाही बोलावले होते. एक मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, ही तो पुरानी झाली. नवी का नाही घेत?"

इंदू म्हणाली, "आधी हात फिरवून बघ. मग सांग."

त्या मुलीने हात फिरवला. डावीकडून, उजवीकडून, मग शिवणीवरून हळूहळू, एकेक टाका मोजल्यासारखा. बराच वेळ तिने हात काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काहीतरी माळ्यावर पडले असेल. तेही खाली काढा. धूळ पुसा, तेलाचे एक बोट लावा. आणि ते कुणी केले होते, हे घरात कुणाला आठवत असेल तर आजच विचारून घ्या.